बी बाजूवरचे ओरखडे

१

ओरखडे बघून पहिली बोंब मारली ती बटणने. टक्कल पडलेला, दोन पोरांचा बाप असलेला माणूस, पण आवाज असा फुटला की स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातला कप सुटला.

"बी गेली! अख्खी बी बाजू गेली!"

आम्ही सगळे त्या लहानशा खोलीत धावलो. टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा, त्याचा ट्रे जिभेसारखा बाहेर आलेला, आणि बटणच्या दोन बोटांत कडेने धरलेली ती डिस्क. सकाळी आरशासारखी होती. आता तिच्यावर मधल्या भोकापासून कडेपर्यंत ओरखडेच ओरखडे. हात घसरला, डिस्क पडली, तर एखादी रेघ उमटते. हे कुणीतरी दात-ओठ खाऊन केलं होतं. टेबलावरच्या मगमध्ये बटणचा स्क्रूड्रायव्हर नेहमीसारखा उभा होता, आणि त्याच्या टोकाला चंदेरी भुकटी लागलेली होती.

"कुणी केलं?" मी ओरडलो.

घरात आम्ही पाच जण होतो. बाहेरचं माणूस सकाळपासून आलेलं नव्हतं. म्हणजे हे आमच्यातल्याच एकाचं काम होतं.

काय गेलं ते आधी सांगतो. शिवणकामाचा एक कारखाना जळाला होता. चौदा बायका आत, आणि मागच्या दाराला बाहेरून कुलूप. त्या चौदांत माझी आत्या होती. आई लवकर गेली, मला आत्यानेच वाढवलं. आणि त्या कुलपाचा रखवालदार कोण, तर माझा बाप, तिचा सख्खा भाऊ. मॅनेजरने कोर्टात सांगितलं की रखवालदार दारू पिऊन पडला होता, किल्ल्या त्याच्या खिशात होत्या. संपला विषय. बाबा तुरुंगात गेले, मॅनेजरला बढती मिळाली. मी शाळेत 'चौदा बायका खाणाऱ्याचा पोरगा' होतो. बाबांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. ते मला एवढंच सांगायचे, "मी पुढच्या फाटकाशी होतो. मला काही ऐकू आलं नाही." मी त्यावर विश्वास ठेवला आणि त्यासाठी शाळेत, नाक्यावर, लग्नाच्या मांडवात लोकांशी भांडलो.

मग दाढी आला. सिनेमा करणारा माणूस, गळ्यात कॅमेरा आणि छातीपर्यंत दाढी. त्याने आगीवर सिनेमा केला, खऱ्या माणसांचा. मॅनेजरला वाटलं आपल्या कौतुकाचा माहितीपट निघतोय. त्या तोऱ्यात तो कॅमेऱ्यासमोर बोलून गेला की मागचं दार त्याच्या हुकुमाने बंद असायचं. कंपनीला कळलं तेव्हा सिनेमाच्या डिस्क नुकत्याच छापून आल्या होत्या. त्यांनी बंदी आणली, सगळा गठ्ठा उचलून चुरडला, मूळ टेपा जप्त झाल्या आणि मग सरकारी भाषेत 'गहाळ' झाल्या.

गेल्या महिन्यात दाढी वारला आणि त्याच्या कपाटात एक डिस्क सापडली. एकच. मॅनेजरवरचा खटला तेव्हा पुन्हा उभा राहिला होता आणि पुरावा द्यायची शेवटची तारीख होती उद्या, सोमवार. मॅनेजरची ती कबुली सिनेमाच्या उत्तरार्धात, म्हणजे डिस्कच्या बी बाजूला होती.

आणि बी बाजू बटणच्या हातात अशी सोललेली.

२

सकाळी असं काही होईल हे स्वप्नातही नव्हतं.

आमच्या वकीलबाईंनी बजावलं होतं की मूळ डिस्क कोर्टात देण्याआधी तिची प्रत काढून ठेवा, मी जेवायच्या वेळेला येऊन घेऊन जाईन. सिनेमा दाढीचा, हक्क आता त्याच्या बायकोचे, म्हणजे वहिनींचे, तेव्हा प्रत काढायला कुणाच्या बापाची परवानगी नको होती. विकत मिळणाऱ्या सिनेमांवर नक्कल अडवणारं कुलूप असतं, तसलंही दाढीने काही घातलं नव्हतं. कॉम्प्युटर वहिनींच्या भावाचा. दिसेल ते बटण दाबून बघतो म्हणून घरात त्याचं नाव बटण.

मी बाबांना घेऊन वहिनींच्या घरी गेलो. आत पाऊल टाकल्या टाकल्या बाबांनी मागे वळून दाराला कडी घातली, वर ती एकदा ओढून पाहिली.

"काका, चोर नाही येत इकडे," वहिनी म्हणाल्या.

"सवय," बाबा म्हणाले.

कात्री आधीच येऊन बसली होती. दाढीचे सगळे सिनेमे तिने कापले, म्हणून ती कात्री. जिभेलाही तीच धार.

"एवढासा तुकडा कापूया म्हटलं की दाढी रडायला बसायचा," ती म्हणाली. "मग सिनेमा एका बाजूत मावणार कसा? ए बाजूला पूर्वार्ध, बी बाजूला उत्तरार्ध. डिस्क छापणारा म्हणाला, दोन डिस्क करा. दाढी म्हणाला, एकच. लोक दुसरी हरवतील."

बटणने डिस्क हातात घेतली, मार्कर काढला, टोपण दातात धरलं आणि नेहमीच्या सवयीने वरच्या अंगाला नाव लिहायला गेला. कात्रीने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"अरे गाढवा! दोन्हीकडे सिनेमा आहे. लिहितोस कुठे?"

"मग वरची बाजू कुठली?"

"हिला वरची बाजूच नाही."

बटण ओशाळला. मार्कर त्याने उघडाच टेबलावर टाकला. बाबांनी तो उचलून टोपण लावलं.

"मग कळायचं कसं, पहिला भाग कुठला नि दुसरा कुठला?" बाबांनी विचारलं. बाबा सहसा असं काही विचारत नाहीत. त्यांना रस वाटतोय याचं मला बरं वाटलं.

बटणने डिस्क त्यांच्या डोळ्यांजवळ धरली. भोकाभोवती पारदर्शक कडं असतं, त्यावर तिळाएवढं अक्षर होतं. "हे बघा काका, इकडे ए. आणि उलटली की, हे बी. तो दुसरा भाग."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही अक्षरं पाहिली आणि मान हलवली.

बटणने ए अक्षर वर ठेवून डिस्क ट्रेमध्ये घातली. पंखा घुमला, पडद्यावर कारखान्याचं फाटक आलं. वहिनी लगेच उठून स्वयंपाकघरात गेल्या. बटणने चित्र बंद करून प्रत काढायला लावली. पट्टी मुंगीसारखी सरकत होती. ती भरली तसा तो ओरडला, "ए झाली, एक नंबर!" आणि ट्रे बाहेर काढून कोऱ्या डिस्क आणायला खालच्या दुकानात पळाला. वहिनींनी चहाला हाक मारली. कात्री खिडकीशी सिगरेट ओढायला गेली. मी गॅलरीत जाऊन बायकोला फोन केला. म्हटलं, होतंय गं, अर्धं झालंसुद्धा.

बटण परत आला तेव्हा कॉम्प्युटर आतल्या आत घरघरत होता, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा.

३

वकीलबाई आल्या आणि आमचे चेहरे बघून दारातच थांबल्या.

"कुणी मेलंय का?"

बटणने डिस्क दाखवली. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. बाई ठेंगण्या, आवाज घोगरा. कोर्टात साक्षीदाराला असे साधे प्रश्न विचारतात की तो हसत हसत खड्ड्यात पडतो.

"पोलीस नकोत," त्या म्हणाल्या. "ते पंचनाम्यात आठवडा घालवतील आणि उद्याची तारीख जाईल. मीच विचारते. वहिनी, तुम्ही हा सिनेमा पाहिलाय?"

"नाही. माझा नवरा खाल्ला या सिनेमाने. कशाला बघू?"

"मग डिस्क सापडल्यावर फेकून द्यावीशी नाही वाटली?"

"वाटली की! पंधरा दिवस माझ्याच कपाटात होती. फेकायचीच असती तर कचऱ्याची बादली घरात आहे, बाई. त्यासाठी एवढ्या लोकांना चहा कशाला पाजू?"

"आणि बटणराव?"

"मला काय विचारता? मी दुकानात होतो!" बटण रडकुंडीला आला होता. "परत आलो तर ट्रे बंद आणि आत घरघर. मी उघडाच सोडला होता तो, मुद्दाम! डिस्क उलटायची आठवण राहावी म्हणून. मग ट्रे काढला, डिस्क उलटली, तर बीच्या अंगावर हे."

"सोडलेला उघडा आणि सापडला बंद. नक्की?"

"पोरांची शपथ."

वकीलबाई कात्रीकडे वळल्या.

"डिस्क सापडली कुणाला?"

"मला. मोज्यांच्या खणात. वहिनी बाहेर गेल्या होत्या. पर्समध्ये टाकून चालती झाले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर जरा डोकं वापरून घ्या."

"डोकंच वापरतेय. उत्तरार्धात कोण कोण बोलतं?"

"मॅनेजर."

"आणखी?"

कात्रीने सिगरेटचं पाकीट काढलं, परत ठेवलं. इतका वेळ फटाफटा उत्तरं देणारी बाई एकदम अडखळली. तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे सोफ्यावर बाबा होते.

"सगळेच बोलतात," ती म्हणाली.

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. सोडा ना आता. गेलंय ते."

मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं, पण माझं डोकं तापलेलं होतं. मला वाटलं, ही विकली गेलीय. आता जाहिराती करते, कंपन्यांच्या पायऱ्या चढते.

"बोल की!" मी तिच्या अंगावर गेलो. "कुणाला वाचवतेस?"

"तू गप बस," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. कात्रीचे डोळे भरलेले मी कधी पाहिले नव्हते.

वकीलबाईंनी मला मागे ओढलं आणि बाबांना विचारलं, "काका, चहाच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"इथेच. मग बाथरूममध्ये गेलो. नळ ठिबकत होता, तो बंद केला."

त्यांनी मान डोलावली. मग अचानक बटणला म्हणाल्या, "ती डिस्क दे इकडे. आणि मला सकाळपासून काय केलंस ते परत सांग. हाताने करून दाखव."

४

"सकाळी कुठलं अक्षर वर होतं?"

"ए."

"पडद्यावर काय आलं?"

"फाटक. पूर्वार्ध."

"तो पूर्ण उतरला?"

"पूर्ण. आहे ना कॉम्प्युटरात."

"ट्रे उघडा टाकून गेलास तेव्हा?"

"तशीच. ए वर."

"परत आलास, घरघर ऐकलीस, ट्रे काढलास. तेव्हा कुठलं अक्षर वर होतं?"

बटणने डोळे मिटून आठवलं. "ए. तशीच होती. म्हणून तर मी उलटली आणि बी दिसला."

"म्हणजे सकाळी ए वर होता आणि यंत्राने वाचलं. दुपारीही ए वरच होता आणि यंत्राला वाचता येईना." वकीलबाईंनी आवाज एकदम बारीक केला. "मग बाबा रे, बिघडलं काय? सकाळी जे वाचलं तेच ना?"

बटणने वाकून ट्रेकडे पाहिलं.

"यंत्राचा डोळा वर असतो की खाली?"

"खाली. खालूनच वाचतं ते."

"ए वर असताना खालच्या अंगावर अक्षर कुठलं?"

"बी..." बटण म्हणाला, आणि मटकन खुर्चीत बसला.

"अगं आई गं!" कात्रीने कपाळावर हात मारला. "अक्षर वर ठेवायचं असतं! ए वर ठेवली की ए लागते, पण ए असते खालच्या अंगाला! मला माहीत होतं हे, मी स्वतः छापून घेतलीय. ओरखड्यांपुढे डोकंच चाललं नाही माझं."

"कुणाचंच चाललं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "अक्षर माणसाला वाचायला असतं, सिनेमा यंत्राला. ज्याने हे केलं त्याने बी अक्षर बघितलं आणि त्याच अंगावर स्क्रूड्रायव्हर चालवला. बिचाऱ्याने पूर्वार्ध मारला, आणि त्याची प्रत आपल्याकडे आहे."

बटणने बी अक्षर वर करून डिस्क ठेवली. सोललेलं अंग छताकडे, धड अंग खाली. ट्रे आत गेला. पंखा घुमला, थांबला, पुन्हा घुमला.

पडद्यावर मॅनेजर आला. टाय नीट करत होता.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. बटण नाचायला लागला आणि टेबलावर गुडघा आपटून कळवळला, तरी नाचतच राहिला. "उतरव आधी, मग नाच!" कात्री ओरडली. बटणने चित्र बंद केलं, प्रत काढायला लावली, आणि पट्टी सरकू लागली.

मी जाऊन बाबांना मिठी मारली. "बाबा, वाचली! उद्या सगळ्या जगाला कळेल!"

त्यांचं अंग लाकडासारखं होतं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. दाराकडे बघत होते.

"कुणी बाहेर जाऊ नका," मागून वकीलबाई म्हणाल्या. "ज्याने हे केलं तो अजून याच घरात आहे. आणि त्याला आत्ता कळलंय की आपण चुकीचं अंग मारलं."

५

"बसा सगळे," त्या म्हणाल्या. आम्ही बसलो. पट्टी सरकत होती. बाईंनी मुद्दाम खुर्ची कॉम्प्युटरसमोर ओढली, कुणाला जायचं तर त्यांना ओलांडून जावं लागलं असतं.

"कात्रीला डिस्क एकटीला सापडली होती. तिला नको असती तर ती सापडलीच नसती. वहिनींकडे ती पंधरा दिवस होती. बादली जवळ होती. बटणकडे आज सकाळभर होती. त्याने नुसतं 'वाचता येत नाही, जुनी झाली' म्हटलं असतं तर आपण मान हलवून घरी गेलो असतो. या तिघांना गुपचूप काम उरकता आलं असतं. भरल्या घरात, चहा उकळेपर्यंतच्या वेळात, हाताला लागेल त्या हत्याराने ओरखडे कोण मारेल? ज्याला डिस्क आजच पहिल्यांदा दिसली. ज्याला दुसरी संधी नव्हती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आज पहिल्यांदा इथे कोण आलं?"

"मी," मी म्हणालो. "मी आणि बाबा. काय बोलताय तुम्ही? मी डिस्क मारेन? मी? ज्याने शाळेपासून..."

"तू नाहीस. तुला बी बाजूबद्दल एवढंच माहीत आहे की तिथे मॅनेजर कबूल करतो. ती तुला जिवापेक्षा हवी होती. पण बी बाजूला आणखीही कुणी बोलतं. सिनेमा कधी दाखवलाच गेला नाही, मग ते कुणाला माहीत असणार? कापणाऱ्या बाईला. आणि जो बोलला त्याला."

"तोंड सांभाळून बोला," मी उठलो. "माझा बाप आहे तो. याच्यासाठीच तर आपण..."

"ट्रे कुणी बंद केला?" बाईंनी मला मध्येच तोडलं. "ज्याने ओरखडे मारले त्याला ट्रे बंद करायचं कारणच नव्हतं. उलट तोटा होता. बंद झाला म्हणून यंत्र घरघरलं, आणि घरघरलं म्हणून मला कळलं काय बिघडलंय ते. विचार करून केलेलं काम नाही ते, हाताने आपोआप केलंय. उघडं दिसलं की बंद करायचं, घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवायची. स्क्रूड्रायव्हरही मगमध्ये परत गेला. मी दुपारी आले, मला आता तूच सांग. सकाळपासून या घरात उघडी वस्तू बंद कोण करत होतं?"

कडी. मार्करचं टोपण. नळ. सकाळी अक्षरंही त्यांनीच विचारून घेतली होती. माझ्या तोंडात शिव्या होत्या, त्या बाईंना घालायच्या होत्या, पण एकही बाहेर पडेना.

"त्यांच्यावर ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "बरोबर बोलतायत त्या."

६

वहिनी हळूच "देवा" म्हणाल्या.

"मी पुढच्या फाटकाशी नव्हतो," बाबा म्हणाले. ते माझ्याशी नाही, फरशीशी बोलत होते. "मागच्या दारापाशी होतो. धूर दिसला. किल्ली हातात होती. हुकूम असा होता की विचारल्याशिवाय उघडायचं नाही, म्हणून फोन लावला. मॅनेजर म्हणाला, मी येईपर्यंत हात लावायचा नाही. दार उघडलं की माल बाहेर जाईल. मी 'बरं साहेब' म्हणालो."

"आणि?"

"उभा राहिलो."

"बाबा, आत्या आत होती."

"माहीत होतं. बाकीच्या नुसत्या ओरडत होत्या. ती हाक मारत होती. 'दादा' म्हणत होती. मीच बाहेर असणार हे तिला ठाऊक होतं ना."

कात्रीने तोंड फिरवलं. तिने हे वाक्य सिनेमा कापायच्या टेबलाशी बसून किती वेळा ऐकलं असेल. कापायला हवं तिथे कापून, जोडून.

"मला खोटं सांगितलंत," मी म्हणालो. "मी तुमच्यासाठी लोकांची डोकी फोडली. आणि त्या हरामखोराने तुम्हाला दारुडा ठरवलं तेव्हा तुम्ही कोर्टात का नाही बोललात?"

"झोपलेल्याला ऐकू येत नाही," बाबा म्हणाले. "तो खोटं बोलला. पण त्या खोट्यात मला काहीच ऐकू आलेलं नव्हतं. मी म्हटलं, असू दे. दारुडा तर दारुडा. तुरुंग तर तुरुंग."

"मग दाढीला कशाला सांगितलंत?"

"तो काही विचारायचाच नाही रे. नुसता समोर बसून राहायचा. एक दिवस आपोआप निघालं. नंतर डिस्क चुरडल्या असं कळलं, तेव्हा मी त्या रात्री झोपलो."

वकीलबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "नुसत्या मॅनेजरच्या बोलण्यावर त्याचा वकील म्हणेल, हुकूम रोजचा होता, आगीच्या वेळचा नव्हता. पण काकांचं बोलणं जोडून ऐकवलं तर त्याला पळायला जागा नाही. चौदा घरं वाट बघतायत. आणि काका, तुमची शिक्षा भोगून झालीय. तुम्हाला पुन्हा कुणी आत टाकणार नाही. दारूचा डागही पुसला जाईल."

"नको पुसायला," बाबा म्हणाले. मग ते उठले आणि माझ्यापुढे हात जोडले. माझ्या बापाने, माझ्यापुढे. "पहिला भाग दे फक्त. दुसरा मी मेल्यावर काय करायचं ते कर. मला कोर्टाच्या त्या खोलीत बसवू नकोस. त्या पोरींच्या आया येतात तिथे."

"उद्या शेवटची तारीख आहे, काका," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर हिचा कुणालाच उपयोग नाही." आणि माझ्याकडे बघितलं. "डिस्क वहिनींची, पण मी तुला विचारतेय. तू नको म्हणालास तर मी देणार नाही."

वहिनींनी होकाराची मान डोलावली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाबांचे जोडलेले हात धरले, खाली केले आणि मला जे विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"किती वेळ हाक मारत होती?"

त्यांचे ओठ हलले. मला वाटलं ते म्हणतील, आठवत नाही. म्हणावं असं फार वाटलं.

"थांबली तोवर," बाबा म्हणाले.

कॉम्प्युटरमध्ये काहीतरी खटकलं आणि ट्रे आपोआप बाहेर आला. प्रत झाली होती. बटण जागचा हलला नाही. मीच गेलो. डिस्क कडेने उचलली, डबीत बसवली आणि वकीलबाईंच्या हातात दिली.

"उद्या लावा," मी म्हणालो. "आणि आवाज मोठा ठेवा."